तू हंडा पाहिला होतास

नीलव्वा, तुमच्यात माणसाला बसवून माती देतात, हे एक बरं आहे. निजलेल्या माणसाशी भांडता येत नाही, बसलेल्याशी येतं. तेव्हा बसली आहेस तशीच बस आणि ऐकून घे. चहा ठेवायच्या निमित्ताने उठून जायची सोय आता तुला नाही.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी आले होते. जिना चढून माडीवर आले आणि सवयीने तुझ्या काचेच्या टाकीसमोरच्या पाटावर बसले. आत सगळं जागच्या जागी होतं. मागे रिबिनीसारखी लांब पात, पुढे बुटकी झुडपं, एका अंगाला तुझे तीन धोंडे. फक्त पाणी बोटभर खाली गेलं होतं. तीन दिवसांत कुणी भर घातली नव्हती. तेवढ्यात तुझी धाकटी सवत आली, माझ्या हातात प्यायच्या पाण्याचा तांब्या दिला आणि मी तो घेऊन टाकीकडे जरा वाकले, तर ही किंचाळलीच.

"थांबा, थांबा! तांब्या लांब धरा मास्तरीणबाई. टाकीला तांब्याचं भांडं लावायचं न्हाय. अक्कांची ताकीद हाय."

"का गं?"

"इख हाय की ते पाण्यातल्या झाडास्नी! तुमास्नी ठावं न्हाय व्हय? मी लगीन होऊन आले त्याच वर्षात माझ्या हातनं तांब्याच्या घागरीतलं पाणी पडलं ह्यात. चार दिसांत गोगलगायी पालथ्या न् पात काळी. अक्का आठ दिवस माझ्यासंगं बोलल्या न्हाईत. तवापासनं मडक्यातलंच पाणी."

मी बोटांवर मोजलं. तुझी धाकटी या घरात आली त्यानंतर बरोबर वर्षाने मी माझी पहिली टाकी मांडली. तुझ्या हाताखाली. तुझ्या शब्दावर. म्हणजे माझी पातीची पहिली जुडी मेली तेव्हा तांबं काय करतं हे तुला माहीत होतं. विसावी मेली तेव्हाही माहीत होतं. दोन वर्षं, नीलव्वा. दोन वर्षं तू माझ्या तोंडाकडे बघत बसलीस आणि गप्प राहिलीस.

आता तू म्हणशील, झाडं मेली तर एवढं काय? रंकाळ्यात ढीगभर पडलीत. पण गोष्ट झाडांची नव्हती, आणि ते तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

आपली ओळखच त्यावरून झाली. त्या वर्षी माझा मुलगा गेला. सव्वा महिन्याचा. बारसं झालं होतं, म्हणजे नाव होतं. ते इथे लिहीत नाही, तुला माहीत आहे. सासूबाई त्यानंतर एकदाच बोलल्या, पण पोळपाटावरून पोळी उचलावी इतक्या सहज बोलल्या, "हिच्या हातात काही टिकत नाही. तुळससुद्धा दोनदा वाळली." झालं. तेव्हापासून मी स्वतःच्या हातांकडे बघायची ती पोलिसाने चोराकडे बघावं तशी. थोरली कमल तेव्हा पंधरा वर्षांची होती, तिची वेणी घालायलाही हात पुढे व्हायचा नाही.

तुझ्या यजमानांच्या अडतीवर गुळाची ढेप आणायला आले होते. वर बघितलं तर माडीच्या खिडकीत हिरवं काहीतरी हलत होतं. वारा नव्हता. मी तशीच वर मान करून रस्त्यात उभी. तू खिडकीतून ओरडलीस, "मान मोडंल की बाई! वर येऊन बघा न्हवं!"

मी आले. तुझ्या मुंबईच्या भावाने तुला ती टाकी दिली होती. कशाबद्दल दिली, ते तू सहा महिन्यांनी सांगितलंस. नवऱ्याने दुसरं लग्न केलं तेव्हा तो तुला न्यायला आला होता, तू गेली नाहीस, म्हणून मग पुढच्या खेपेला त्याने काच आणली. खाली धाकटीचा संसार, वर तुझा पाण्यातला. त्या पहिल्या दिवशी मात्र मीच सगळं बोलले. मुलाचं, तुळशीचं, हातांचं. ओळख ना पाळख, आणि मी तुझ्या पाटावर बसून हुंदके देतेय. तू मला थोपटलं नाहीस. पाण्याकडे बघत म्हणालीस, "मातीत नजर लागतीया. पाण्यात लाव. पाण्यात नजर बुडती बघ."

हे तू म्हणालीस. मी नाही.

आता त्या बाईविषयी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याविषयी, जरा सांगते, म्हणजे तुला हसायला येईल. चौतीस वर्षांची घोडी, पण शिकवणी लागल्यासारखी वही घेऊन यायची. आमच्या मास्तरांनी एका लोहाराकडून लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा करून घेतला, तळाला शहाबादी फरशी, चार बाजूंना काचा, पाणी अडवायला सांध्यात लांबी भरलेली. आठ दिवस नुसतं पाणी भरून गळती बघायची, असं तू बजावलं होतंस. या शहाण्या बाईने दुसऱ्याच दिवशी टाकीची पूजा केली. हळद, कुंकू, अक्षता, दूर्वा, सगळं पाण्यात. तू येऊन बघितलंस आणि कपाळावर हात मारलास, "आगं मास्तरीण, टाकी मांडालीस का लगीन लावालीस?"

मग तू शिकवलंस. खाली चाळलेली काळी माती दोन बोटं, त्यावर पंचगंगेची वाळू तीन बोटं. वाळू कशी धुवायची? "तांदूळ धुतल्यागत. पाणी पांढरं यायचं थांबंपर्यंत न्हाय, आपण थांबंपर्यंत." मागे उंच, पुढे उतार. रोप लावताना मुळं गाडायची, मान उघडी ठेवायची. पाणी ओतताना वाळूवर पत्रावळ पसरायची आणि तिच्यावर बारीक धार धरायची, म्हणजे माती उसळत नाही. आधी झाडं, मग गोगलगायी, आणि मासे सगळ्यात शेवटी, महिन्याने. "मासे म्हंजे पावणं. घर बांधायच्या आधी पावणं बोलवत्यात व्हय?"

मी सगळं वहीत लिहिलं. तुझ्या भाषेत, तसंच. मग घरी जाऊन पात लावली ती रांगेत. पाच पाचच्या चार रांगा, उंचीप्रमाणे. मधोमध एक शंख, त्याच्या दोन्ही बाजूंना सारखे दोन दगड. तू बघून म्हणालीस, "मास्तर शाळंत कवायत घेत्यात, तू घरात. ह्यांस्नी आता 'सावधान' म्हण." मोठा धोंडा मधे की एका अंगाला, यावर आपण दहा वर्षं भांडलो. माझं म्हणणं, देव मधे असतो. तुझं म्हणणं, देव असतो मधे, नदी नसते. ते भांडण तसंच राहिलं. आज सांगते, तुझंच खरं होतं. धोंडा सरकवला मी, पाच वर्षांपूर्वीच. तू यायचीस त्या दिवशी मी तो परत मधे आणून ठेवायची.

आणि पाणी. "नळाच्या पाण्याला औषधाचा वास असतोय," तू म्हणालीस. "रातभर ठिव, मग घाल." बस, एवढंच. कशात ठेव, ते तू बोलली नाहीस. पहिल्या दिवशी विसरली असशील, मी तेवढं माफ करायला तयार आहे. कुणाच्याही घरी रात्रभर पाणी कशात ठेवतात? हंड्यात. माझ्या माहेरचा तांब्याचा हंडा होता, सासूबाईंनी ज्याला कधी नावं ठेवली नाहीत अशी माझ्याकडची एकुलती एक वस्तू. रोज संध्याकाळी चिंच आणि राख लावून घासायची मी तो. पाण्यात जीव लावायचा म्हणून आणखीच जोरात घासायला लागले. शुद्ध पाणी, लख्ख भांडं. जितका जीव लावायची तितकं विष घालायची. आता हसू येतं की नाही सांग. मला परवापासून येतंय आणि जातंय.

आठ दिवसांत गोगलगायी पालथ्या. पंधराव्या दिवशी पात टोकाकडून काळी पडून विरघळली. मी ओल्या फडक्यात ते लगद्यासारखं घेऊन तुझ्याकडे आले. तू ते बोटाने चाळवलंस आणि आपल्या टाकीतून नवी जुडी काढून दिलीस. "ने. परत लाव."

तेव्हाही मी तुला सोडते. नुसत्या लगद्यावरून तुला कळलं नसेल.

पण नंतर तू माझ्या घरी आलीस. झाडं मरायला लागल्यापासून दोन वर्षांत एकदाच आलीस. मी तुला टाकी दाखवली, धुतलेली वाळू दाखवली, आणि मग मोरीजवळ नेऊन हंडा दाखवला. बढाई मारायची होती ना मला! "ह्यातलं घालते पाणी. रोज घासते बघ. तोंड दिसतं."

तू वाकून त्यात पाहिलंस. तुझं तोंड तांबडं होऊन त्यात दिसत होतं, मला अजून डोळ्यांसमोर आहे. बराच वेळ पाहिलंस. मला वाटलं, तुला हंडा आवडला. मग म्हणालीस, "छान हाय. खरंच तोंड दिसतंया."

आणि बसलीस येऊन बाहेर.

त्यानंतर काय झालं, तेही लिहायला हवं, नाहीतर तू म्हणशील, मास्तरीण आपल्या बाजूचंच सांगते. सासूबाईंनी तुझ्यासाठी चहा पाठवला तो खिडकीतल्या वेगळ्या कपात. कानाचा टवका उडालेला. आमच्याकडे बाहेरच्यांसाठी तो वेगळाच ठेवलेला असायचा. तू ओळखलंस. मीही ओळखलं आणि ओळखलं नाही असं दाखवलं. तू चहा प्यायलीस, कप स्वतः विसळून पालथा घातलास आणि गेलीस. परवापासून मी विचार करतेय, त्या कपाचा राग होता का? असता तर मला चाललं असतं. राग धरावा असाच कप होता तो. पण तुला राग लपवता येत नव्हता. रागावलीस की तू जिन्यावरून अख्ख्या गुळाच्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलायचीस.

नाही, राग नव्हता. दुसरंच काहीतरी होतं.

तुमच्या गुळाच्या सौद्यात रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरतो, वर तोंडाने कुणी काही बोलत नाही, हे तूच मला नवऱ्याची नक्कल करून दाखवलं होतंस. माझ्या पदराखाली हात घालून बोटं दाबायचीस आणि तोंड असं करायचीस, जसं काही आपण हवापाण्याविषयी बोलतोय. मी इतकी हसले होते त्या दिवशी की धाकटी खालून बघायला आली. मुलगा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती तुझ्या माडीवर. आणि दर बुधवारी हसत राहिले. कारण दर बुधवारी मी यायची. एकाआड एक बुधवारी मेलेली पात घेऊन यायची, जिवंत जुडी घेऊन जायची. मधे भाकरी, काकवी, गप्पा. तू खिडकीत बसलेली असायचीस. जिन्यावर माझं पाऊल वाजलं की आतून आवाज, "मेली का? ये, ये."

केवढ्या आनंदाने विचारायचीस गं तू ते!

घरी गेल्यावर मात्र मी आणि माझे हात. सासूबाई टाकीकडे बघून नुसता श्वास सोडायच्या. रात्री मास्तर म्हणायचे, "सोड ना तो नाद." मी म्हणायची, एक तरी जगू दे. एक पान तरी. मी मुलासाठी जे नवस बोलले नसेन ते त्या पातीसाठी बोललेय. आणि प्रत्येक वेळी ती काळी पडली की सासूबाईंचं ते वाक्य थोडं थोडं आणखी खरं व्हायचं. मासे तर मी आणलेच नाहीत कधी. माझी छातीच झाली नाही. तू मला एकदा जवळ घेऊन "तंगी" म्हणालीस. तुमच्या कानडीत धाकटी बहीण. बहिणीला असं दोन वर्षं जाळतात, नीलव्वा?

मग हंडा गळायला लागला. केवढ्या साध्या गोष्टीवर माणसाचं नशीब असतं! बुडाला चीर गेली, तांबटाकडे टाकला, आणि मास्तरांनी तोवर कुंभाराकडून एक मातीचा रांजण आणला. त्यातलं पाणी मी टाकीत घालायला लागले. महिन्याभरात पातीच्या बुडातून एक धागा निघाला, वाळूवरून सरपटत गेला आणि त्याच्या टोकाला नवं रोप उभं राहिलं. करंगळीएवढं. मी सासूबाईंना हात धरून आणलं आणि दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाळकी तुळस उपटून नवी आणली आणि कुंडी माझ्यापुढे सरकवली.

मी पदर खोचून तुझ्याकडे धावत आले. त्या दिवशी बुधवारही नव्हता. "नीलव्वा, जगलं! पिल्लू आलं!"

तुझा पहिला प्रश्न काय होता, आठवतं? "पाणी कशातलं घालालीस?"

"रांजणातलं. हंडा फुटला ना."

तू हसलीस. मग खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "मग आता येणार न्हाईस तू."

मला ती शाबासकी वाटली! त्या बावळट बाईला वाटलं, गुरूने सांगितलं, विद्या पुरी झाली. "येईन की!" म्हणाले, आणि छाती काढून घरी गेले. मग दोन महिने आले नाही. खरंच आले नाही. कमलचं लग्न ठरत होतं, पापड, शेवया, रुखवत, त्यात तांबटाकडून सांधून आलेला तो हंडाही. शिवाय आता मला तुझ्या जुडीची गरज नव्हती. शेजारपाजारच्या बायकांना मी स्वतः शिकवत होते, तुझीच वाक्यं, माझी म्हणून. नंतर यायला लागले, पण महिन्यातून एकदा, पाव्हण्यासारखी. तू कधी काही बोलली नाहीस. मी धोंडा मधे ठेवते यावर तेवढी भांडायचीस.

परवा हे सगळं मला तुझ्या पाटावर बसून कळलं, आणि तांब्या माझ्या हातातच होता. धाकटी खाली गेली होती. समोर तुझी टाकी, बोटभर रिकामी. खरं सांगते, माझ्या मनात आलं. एक तांब्या. फार नाही. तुला कळू दे, दर बुधवारी काय घेऊन मी तो जिना उतरायची. हात पुढे झालाही होता.

मग मी ते पाणी पिऊन टाकलं. घटाघटा, तहान नसताना. आणि मडक्यातलं पाणी आणून, पत्रावळ मिळाली नाही म्हणून हाताचा तळवाच आडवा धरून, त्याच्यावरून धार सोडत तुझी टाकी काठोकाठ भरली. एक दाणा उसळला नाही वाळूचा. बघायला हवं होतंस.

म्हणून तुला माफ केलं असं समजू नकोस. घरी येऊन दोन दिवस मी माझ्या टाकीकडे पाठ करून बसले होते. तिच्यातलं पातं न् पातं तुझ्याच शेवटच्या जुडीचं. उपटून टाकायचं तर सगळंच उपटावं लागेल.

रविवारी कमल आली, जयसिंगपूरहून, गाडीने. बरोबर चिमी, माझी नात, वय वर्षं पाच, माझ्यापेक्षा अक्कल जास्त. कमल वर्षातून दोनदा येते. या खेपेला काचेची बरणी घेऊन आली होती. "आई, मलाही मांडून दे. ही ऐकत नाही, आजीसारखं पाण्यातलं शेत पाहिजे म्हणते."

मी पात काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली. सांगितलं, माती दोन बोटं, वाळू तीन बोटं. मुळं गाड, मान गाडू नको. धोंडा एका अंगाला ठेव. पाणी रात्रभर ठेवून मग घाल.

"ते सोपं आहे," कमल म्हणाली. "तू रुखवतात दिलेला तो हंडा आहे की. रात्री भरलेलाच असतो. अजून तस्साच ठेवलाय मी, तोंड दिसतं."

नीलव्वा, मी गप्प बसले.

किती वेळ ते मला माहीत नाही. चिमी बरणीवर टिचक्या मारत होती. मी एवढंच बघत होते की पंधरा दिवसांत ही पात काळी पडेल, कमल गाडीत बसून येईल, चिमीला घेऊन. मी खिडकीतून हाक मारीन, "मेली का? ये, ये." मग पुन्हा पंधरा दिवसांनी. काही करायचं नव्हतं मला. नुसतं गप्प राहायचं होतं.

मग मी म्हटलं, "हंड्यातलं घालू नकोस. तांबं विष असतं त्यांना. मडकं घे."

"अगं बाई! बरं झालं सांगितलंस," कमल हसली. "नाहीतर सारखी झाडं मेली असती आणि सारखं यावं लागलं असतं."

"हो ना," मी म्हटलं.

संध्याकाळच्या गाडीने गेल्या दोघी.

तर, मला सांगता आलं. तुझ्याहून मी मोठी म्हणून नाही. मला घरात बोलायला मास्तर आहेत, सासूबाई गेल्या तरी त्यांची तुळस आहे, लेक दिवाळीला का होईना येते. तुला खिडकी होती आणि बुधवार होता. पण तरी तू सांगायला हवं होतंस. पहिल्याच बुधवारी. माझ्या हातांचं तुला सगळं माहीत होतं. सांगितलं असतंस तरी मी आले असते.

आले असते का? दोन महिने नव्हते आले. याचं उत्तर तुलाही माहीत नव्हतं, म्हणूनच तू हंड्यात तोंड बघत उभी राहिलीस.

धाकटीला सांगितलंय, टाकी खाली नेऊ नको, माडीवरच असू दे, आणि मडकं भरून ठेव. बुधवारी येते. आणायचं काही नाही, न्यायचं काही नाही. नुसतीच येते.